नबीसाबची बेवारस नाव

१

नबीसाबचं पत्र मला फेब्रुवारीत आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे. त्या यादीत पहिलं नाव कुणाचं, ते वाचणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

निळं आंतरदेशीय पत्र होतं. अक्षर मुलीचं, बोलणं बापाचं.

‘सर, यंदा नाव भिजत घालायच्या आधी ती झीनतच्या नावावर करावी म्हणतो. माझी छाती आताशा भरून येते. कचेरीत म्हणतात, कागद जुने आहेत, अर्ज नीट लिहून आणा. अर्जात काय लिहायचं तेवढं कळवा. तुम्ही कायद्याच्या पुस्तकांत जन्म काढला.’

जन्म काढला हे खरं, पण तो पुस्तकं कपाटात लावण्यात. मी कायद्याच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. माझी बहीण नागम्मा भीमेच्या पलीकडे, कर्नाटकाच्या काठावर दिलेली. तिच्याकडे जाताना दरवर्षी नबीसाबच्या नावेत बसायचो. मंद्रूपच्या पुढे नदीकाठी त्यांचं गाव आहे. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. पूल फार लांब, त्यामुळे पलीकडे शेत असलेली माणसं, शाळेची मुलं, बाळंतिणी, सगळी त्याच नावेतून जायची.

पत्र आल्यावर मी चार कच्चे मसुदे केले. जुना कायदा लावायचा की नवा? इंजिन नसलेली नाव त्यात बसते का? माझं चुकलं आणि म्हाताऱ्याचा अर्ज फेटाळला गेला तर? चारही मसुदे टेबलाच्या खणात गेले. खूप विचार करणारा माणूस म्हणून लोक मला मान देतात. खरं म्हणजे मी भित्रा आहे.

जुलैतल्या एका शुक्रवारी झीनत सोलापुरात, भवानी पेठेत माझ्या घरी आली. खाली मागांचा खटखटाट चालू होता, त्यामुळे तिला पहिलं वाक्य दोनदा म्हणावं लागलं.

“सर, अब्बा गेले. मार्चच्या अखेरीला.”

मला कुणी कळवलं नव्हतं. मला कशाला कळवतील?

“आणि आमची नाव चोरीला गेली. म्हणजे चोरी नाही म्हणतात. कायदेशीर आहे म्हणतात.” तिने पिशवीतून कागद काढले. “मी इथं हॉस्टेलला असते. परीक्षा संपवून एसटीनं घरी निघाले, तर मंद्रूपच्या रस्त्यावर एका भंगाराच्या गोदामापुढं आमची नाव उभी. कंडक्टरला ओरडून गाडी थांबवली मी. गोदामवाला म्हणतो, नदीत बेवारस बुडालेली सापडली, मी काढली, नोटीस लागली, कुणी आलं नाही. सोमवारी कचेरीत सुनावणी आहे. त्या दिवशी नाव त्याच्या नावावर होणार.”

“पण नाव तर भिजत घातली असेल ना?”

“तेच तर!” ती ताडकन म्हणाली. “बुडाली नव्हती. बुडवली होती. अब्बांनी, स्वतःच्या हातानं, दरवर्षीसारखी.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उन्हाळ्यात नदी उतरते, लोक पायी पलीकडे जातात. लाकडी नाव तेव्हा उन्हात राहिली तर फळ्या सुकून उकलतात. म्हणून नावाडी तिला डोहात नेतो, तळातलं बूच काढतो, आत नीट दगड रचतो आणि तिला पाण्याखाली बसवतो. पाणी वाढायच्या सुमाराला दगड काढून वर घेतो. पाण्याखालची नाव म्हणजे सोडून दिलेली नाव नव्हे, जपून ठेवलेली नाव.

झीनत उठली. दारात थांबून, कुठलाही आरोप न करता, तिने एवढंच सांगितलं:

“अब्बा दवाखान्यात रोज विचारायचे, सरांचं पत्र आलं का म्हणून.”

२

शनिवारी सकाळी आम्ही मंद्रूपला उतरलो. त्या भंगारवाल्याचं, शिवराजचं, गोदाम लांबूनच दिसलं, कारण रस्त्याकडेला दोन लोखंडी घोड्यांवर नाव ठेवली होती. काळी, पंधरा-सोळा हात लांब. दोन महिने उन्हात राहून फळ्यांच्या मध्ये नखं जातील एवढ्या चिरा पडल्या होत्या. झीनतने एका चिरेवर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.

एक माणूस टेप लावून नावेची लांबी मोजत होता.

“काय करताय?” मी विचारलं.

“हॉटेलचं काम हाय. पुण्याच्या रस्त्यावर नवीन उघडतंय. मधोमध कापायची, अर्धी दाराच्या हिकडं, अर्धी तिकडं. आत झाडं लावायची. लई भारी दिसतंय.”

शिवराज पत्र्याच्या शेडमधून आला. पन्नाशीचा, पांढरे बूट घातलेला. झीनतला बघून त्याने आधी मोठा सुस्कारा सोडला.

“ताई, परत? सांगितलं की तुला. माझा धंदाच हाय ह्यो. बुडालेल्या बोटी, पंप, इंजनं काढायची. सगळं कागदोपत्री. आमचा माणूस दुसऱ्याचा पंप शोधायला डोहात उतरला, तर पायाला नाव लागली. मी लगेच कचेरीत कळवलं. पंचनामा झाला, नोटीस लागली. तीस दिवस! कुणी फिरकलं नाही. आता कुणाच्या नावानं रडायचं?” मग माझ्याकडे वळला. “हे कोण? वकील?”

“नाही. ग्रंथपाल होतो.”

“मग बसा की, चहा घ्या. पुस्तकं असली रद्दीला तर तीबी घेतो आपण.”

टेपवाला हसला.  त्याला द्यायचं उत्तर मला रात्री अकरा वाजता सुचलं, नेहमीप्रमाणे. तेव्हा मी फक्त हातातली पंचनाम्याची नक्कल वाचत राहिलो. एकोणीस मे. ‘सदर नाव डोहाचे तळाशी आढळली. आत एकतीस दगड व गाळ. तळ व बाजू शाबूत, कोठेही भोक अथवा फूट नाही. मालक हजर नाही.’ सोबत त्याच दिवशीचा फोटो: नाव घाटाला पाण्यावर तरंगते आहे, आत चार माणसं उभी, शिवराज मध्ये.

फोटोत काहीतरी खटकत होतं. पण मला सगळंच खटकतं, त्यामुळे त्याला मी किंमत दिली नाही.

“सर,” झीनतने हळूच हाक मारली. ती नावेखाली वाकली होती. “हे बघा.”

तळाला मधोमध बूच ठोकलेलं होतं. बाभळीचं, मुठीएवढं, भोवती चिंधी गुंडाळून वर डांबर फासलेलं. एका बाजूचं डांबर उडालं होतं आणि खालून निळ्या चौकड्यांचं कापड दिसत होतं.

“हा माझ्या आठवीच्या युनिफॉर्मचा तुकडा आहे,” ती म्हणाली. “यंदा नाव पाण्यात घातली त्या दिवशी मी घरी होते. अब्बा बूच घेऊन आले. मी हे कापड फाडून दिलं, त्यांनी माझ्यासमोर गुंडाळलं आणि घरात खुंटीला टांगलं.”

“नाव पाण्यात घातल्यानंतर?”

“नंतर.”

 मार्चमध्ये नाव होती डोहाच्या तळाशी आणि बूच होतं घरातल्या खुंटीला. मग ते इथं कसं आलं?

मी तिला फोनवर फोटो काढायला सांगितला, शिवराजची पाठ फिरली तेवढ्यात.

३

गावच्या चावडीत तलाठी इंद्रजीत आणि कोतवाल कुंडलिक दोघेही भेटले. इंद्रजीत तिशीचा, लॅपटॉपवरून नजर न उचलता बोलणारा. कुंडलिक निवृत्तीला आलेला, तोंडात तंबाखू.

“सगळं नियमानुसार झालंय,” इंद्रजीत म्हणाला. “बुडालेल्या नौकेची माहिती आली, मी स्थळपाहणी केली, नोटीस चावडीवर आणि घाटावर डकवली. घरोघरी जाऊन वाचून दाखवायची तरतूद नाहीये सर.”

“नाव कुणाची ते तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“मी इथं एप्रिलमध्ये बदलून आलो.”

“गावाला ठाऊक होतं की.”

“गावानं सांगितलं नाही. हे पंच, ह्यांनाच विचारा.”

कुंडलिक बाहेर जाऊन थुंकून आला आणि दाराच्या चौकटीला टेकला.

“आता खोटं कशाला बोलू मास्तर? नबीसाबची नाव हाय हे शेंबडं पोरबी सांगंल. दगडं आणायला माजीच बैलगाडी असती दरसाल. साहेबांनी इचारलं, मालक हजर हाय का? म्हणलं, न्हाय. मेलाय की त्यो! हजर कुटनं हुईल? त्येंनी लिवून घेतलं. इचारलं, नाव बुडाल्याली हाय का? म्हणलं, व्हय. पाण्याखाली हाय म्हंजी बुडाल्यालीच की. सही करा म्हणले, केली.”

“पण ती भिजत घातली होती, हे का नाही सांगितलं?”

“त्ये कुणी इचारलं?” त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. “आन् त्ये काय सांगायचं असतंय? उन्हाळ्यात नाव पाण्यातच असती. बैल गोठ्यात हाय असं कुणी लिवून देतंय का?”

मला इतका राग आला की कान तापले. ज्याने प्रश्न विचारले त्याला नदी माहीत नव्हती. ज्याला नदी माहीत होती त्याने विचारलं तेवढंच सांगितलं. दोघांच्या मध्ये एका बाईचं घर बुडालं आणि दोघांच्याही मते कुणाचं काही चुकलं नव्हतं.

“डोह मोठा आहे,” मी कुंडलिकला म्हटलं. “मे महिन्यात वरच्या धरणातून पाणी सोडलेलं. वरून नाव दिसत होती का?”

“छ्या! दोन पुरुस पानी व्हतं.”

“मग शिवराजच्या माणसाला नेमकी जागा कशी सापडली?”

कुंडलिकने तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

“मलाबी त्येच वाटलं. त्यो गडी शोधतच न्हवता मास्तर. आला, कपडे काढले, उडी मारली ती थेट नावंवरच. वर आल्यावर आदी दगडं काढली. मंग खिशातनं... न्हाय, खिशातनं न्हवं, पिशवीतनं काय तरी काढून परत बुडी मारली.”

“काय काढलं?”

“आता दिसतंय व्हय मला येवढ्या लांबनं?”

४

नबीसाबचं घर घाटाच्या वरच्या अंगाला. मी ओसरीवर बसलो. झीनत आत गेली आणि आतल्या खोलीच्या दाराला पडदा ओढला गेला. नबीसाबच्या बायकोचा, लालबीचा, आवाज पडद्यामागून आला.

“सर, माफ करा हां. इद्दतीत हाय मी. चार महिने दहा दिवस. परक्या मर्दासमोर येता येत न्हाई, घराबाहेर पडता येत न्हाई. अजून तीन आठवडे हायेत.”

“मला कल्पना आहे. तुम्ही बसा.”

नवरा गेला त्या दिवसापासून ती बाई घरात होती. चावडीवर नोटीस लागली तेव्हाही, तीस दिवस संपले तेव्हाही. गावातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. ज्याने मे महिना निवडला त्यालाही.

“नोटिशीचं कुणी सांगितलं नाही तुम्हाला?”

“कोन सांगनार? बाया येतात, रडतात, जातात. त्यांना कुटं वाचता येतंय? एजाज म्हनायचा, फुप्पू, पानी लई हाय, उतरलं की नाव काढू. त्यो हाय म्हनून निवांत होते.”

“एजाज कोण?”

“माज्या भावाचा पोरगा. नऊ वर्सं ह्यांच्या जोडीनं वल्हं मारलं त्यानं. आता सोलापुरात रिक्षा चालवतो. पन येतो की. बाजार आनून देतो, पिठाचा डबा भरून जातो.”

मी विचारलं, “नावेचं बूच कुठं असतं?”

“हितंच की. आतल्या खोलीत, कनगीच्या वर खुंटीला. ह्ये म्हनायचे, बूच घरात तर नाव घरात. बुचाशिवाय तिला कोन नेनार?”

“जरा बघता?”

पडद्याआड पावलं वाजली. भांडं सरकल्याचा आवाज झाला.  पडदा हलत नव्हता. झीनतचा आवाज आला, “अम्मी?”

शेवटी लालबी बोलली. आवाज बदलला होता.

“न्हाई दिसत. उंदरानं नेलं असंल.”

मुठीएवढं बाभळीचं बूच, डांबर फासलेलं. मी मान खाली घालून बसलो. ती खोटं बोलत होती, आणि ती कुणासाठी खोटं बोलत होती हे ती मला न सांगताच सांगत होती.

५

परतीच्या एसटीत झीनत खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी माझ्याशीच हिशेब मांडत होतो आणि दर टप्प्यावर माझं चुकत असेल असं मला वाटत होतं.

बूच मार्चमध्ये आतल्या खोलीत होतं. एकोणीस मेला ते डोहावर पोचलं होतं, कारण फोटोत नाव तरंगते आहे. बुचाशिवाय ती तरंगली नसती. हेच मला खटकत होतं. म्हणजे या मधल्या काळात ते घरातून गेलं, आणि त्या सगळ्या काळात लालबी इद्दतीत होती. मला ओसरीवर बसवलं. शिवराजला, इंद्रजीतला, कुंडलिकला तिथंच बसवलं असतं. ज्या खोलीत बूच टांगलं होतं तिथं त्या दिवसांत परका पुरुष पाऊल टाकूच शकत नव्हता.

सख्खा भाचा परका नसतो.

“तुम्हाला पण तेच वाटतं ना?” झीनत अचानक म्हणाली, खिडकीकडेच बघत.

“माझं चुकत असेल.”

“सर, तुम्ही असं म्हणू नका आता,” ती इतक्या जोरात म्हणाली की पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. “प्लीज. एकदा तरी नका म्हणू.”

रविवारी दुपारी मी एकटाच सात रस्त्यावरच्या रिक्षा स्टॉपला गेलो. एजाज सापडला. तिशीचा, नाव ओढून ओढून झालेले रुंद खांदे रिक्षात मावत नव्हते.

“बसा की काका. कुठं सोडू?”

“भवानी पेठ.” बसल्यावर म्हणालो, “मी चिप्पा. लायब्ररीवाला.”

रिक्षा चालूच राहिली, पण आरशात त्याचे डोळे माझ्यावर आले.

“अच्छा. तुम्हीच का ते? फुप्पांनी, झीनतच्या अब्बांनी, मरेस्तोवर तुमचं नाव घेतलं. सरांचं पत्र आलं का, सरांचं पत्र आलं का. मला म्हणायचे, सर सांगतील तसं करू, नाव झीनतच्या नावावर करू.” त्याने हॉर्न वाजवला, समोर कुणी नसताना. “नऊ वर्षं पुराच्या पाण्यात वल्हं कुणी मारलं? पोरगी हॉस्टेलात बसून पुस्तकं वाचते, नाव तिची. मी कोण? नोकर?”

“म्हणून बूच नेलंस?”

“कसलं बूच?”

“मी काल तुझ्या फुप्पूला विचारलं.”

“काय म्हणाली?”

“उंदरानं नेलं असेल म्हणाली.”

रिक्षा थांबली. मागून बसवाल्याने शिव्या घातल्या तरी तो हलला नाही. मग म्हणाला, “शिवराजदादांनी शब्द दिलाय. नाव कागदावर त्यांची, चालवणार मी. गावाला नाव मिळेल, मला काम मिळेल. कुणाचं काय वाईट केलं मी?”

“काल तिथं हॉटेलचा माणूस माप घेत होता. मधोमध कापून दाराच्या दोन बाजूंना लावणार आहेत. आत झाडं लावणार.”

“खोटं.”

“जाऊन बघ.”

“उतरा,” तो म्हणाला. “उतरा काका. उद्या मी दादांचा साक्षीदार आहे. काय बोलायचं ते माझं ठरलेलं आहे.”

६

कचेरीतली नायब तहसीलदार बाई थकलेली दिसत होती. समोर फायलींचा ढीग. शिवराज पुढच्या खुर्चीत, इंद्रजीत लॅपटॉपसह बाजूला, कुंडलिक भिंतीला टेकून. एजाज दाराबाहेरच्या बाकावर बसला होता. त्याने आमच्याकडे बघितलं नाही.

“हरकत कुणाची?” बाईंनी विचारलं.

“माझी,” झीनत म्हणाली. “माझ्या वतीनं सर बोलतील.”

मी उभा राहिलो. एकतीस वर्षांत मी लोकांना फक्त ‘शांतता राखा’ एवढंच म्हटलेलं.  पण राग ही विचित्र गोष्ट आहे, ती म्हाताऱ्या माणसालाही उभं धरते.

“मॅडम, बुडालेली नाव वर काढणारा तिचा मालक होत नाही. त्यानं ती जाहीर करायची, मालकाला परत द्यायची, मेहनतीपुरतं मागायचं. मालकानं ती टाकून दिली असेल तरच पुढची गोष्ट. म्हणून प्रश्न एकच आहे. ही नाव टाकून दिलेली होती का?”

“तीस दिवसांत कुणी आलं नाही,” शिवराज म्हणाला.

“त्याच्याकडे येतो. आधी मला सांगा, नाव काढली तेव्हा तिला बूच होतं?”

शिवराजने खांदे उडवले. “असंल की. असतंच नावंला.”

“नक्की? कारण त्याच दिवशीच्या फोटोत ती तरंगते आहे.”

“मग होतंच. मी कशाला बदलू? जशी मिळाली तशी आणली.”

“पंचनाम्यात लिहिलंय, तळ शाबूत, बाजू शाबूत, कुठेही भोक नाही. नाव विकायची असल्यामुळे तसं लिहून घेणं तुम्हाला सोयीचं होतं. बूच जागेवर, भोक कुठं नाही. मग मॅडम, ही नाव बुडाली कशी?”

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“पुरानं,” शिवराज म्हणाला. “पुरात पाणी भरलं असंल.”

“पूर एकतीस दगड मोजून आत रचत नाही. नाव बुडायला बूच निघालेलं असायला हवं. आणि कुणी ते काढून काठावर नेलेलं असेल, तर त्यानं नाव टाकलेली नाही, कुलूप लावून किल्ली घरी नेली आहे. आता दोन्हींतलं एक निवडा. बूच होतं, तर नाव बुडाली नसती. बूच नव्हतं, तर तुम्ही ते मालकाच्या घरातून मागवलंत, म्हणजे मालक कोण हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.”

कुंडलिक भिंतीपासून सुटला. “पिशवीतनं काढलं व्हतं बाईसाहेब. म्या बघितलं. इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं की.”

झीनतने टेबलावर निळ्या चौकड्यांचा फाटका फ्रॉक ठेवला, शेजारी फोनवरचा फोटो. “बुचाचं कापड ह्यातलं आहे. बूच मागवा आणि फाटलेली कड जुळवून बघा. हे मी नाव पाण्यात गेल्यावर फाडलं होतं.”

शिवराजचे पांढरे बूट खुर्चीखाली गेले. मग तो उसळला. “म्हणजे मी ह्यांच्या घरात शिरून चोरी केली? बाई इद्दतीत असताना? सांगा की, कुणी आणलं बूच? नाव सांगा!”

बाईंनीही माझ्याकडे पाहिलं. “ते सांगावं लागेल. घरातून कुणी नेलं?”

मला उत्तर माहीत होतं. पडद्यामागचा तो आवाज कानात होता. उंदरानं नेलं असंल. एका बाईने आपल्या भावाच्या पोरासाठी स्वतःचा खरेपणा मोडला होता. तिथं मी बोट घालायचं?

“एजाज,” झीनत म्हणाली. दार उघडंच होतं, ती दाराकडे बघूनच म्हणाली. “माझ्या मामाचा मुलगा. बाहेर बसलाय. लिहून घ्या मॅडम. अम्मी म्हणेल उंदीर. मी नाही म्हणणार. माझ्या बापाला दफन करून आल्यावर ह्यानं आमच्या घरात बसून जेवण केलं आणि जाताना खुंटी रिकामी केली. त्याला वाटलं, पोरगी आहे, हिला काय नाव कळते. सहा वर्षांची असल्यापासून मी त्या नावेत पाणी उपसते. त्यानं मला एकदा विचारलं असतं ना, झीनत, आपण दोघं चालवू, तर मी हो म्हटलं असतं.”

बाकावर एजाज उठला. आत येईल असं मला वाटलं. तो दारापर्यंत आला, शिवराजकडे बघून म्हणाला, “कापणार होता तुम्ही. सकाळी जाऊन बघितली मी. खडूनं रेघ मारलीय मधोमध.” आणि कुणी थांबवायच्या आत जिना उतरून गेला.

बाईंनी शिवराजचा दावा फेटाळला. नाव वारसांच्या ताब्यात द्यायची आणि खोट्या माहितीबद्दल चौकशी लावायची, असं लिहिलं. इंद्रजीतला विचारलं, “नोटीस लागली तेव्हा घरात बाई इद्दतीत होती, हे गावात कुणाला विचारावंसं वाटलं नाही?” तो म्हणाला, “तसा रकाना नाहीये मॅडम.”

मला त्या रकान्यावर अजून राग आहे.

७

नाव ट्रॅक्टरवरून घाटावर आली त्या दिवशी मी गेलो होतो. पाण्यात ढकलली तेव्हा तिने दहा ठिकाणांहून पाणी घेतलं. कुंडलिक म्हणाला, आठ दिवस भिजली की फुगंल, काय काळजी न्हाय. झीनत तिच्यात उभी राहून पाणी उपसत होती. लालबी पडद्यामागेच होती आणि दोन दिवस मुलीशी बोलली नव्हती. एजाजचा फोन लागत नव्हता. जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही.

निघताना झीनत म्हणाली, “सर, नाव अजून अब्बांच्याच नावावर आहे. पुढच्या वर्षी परत कुणी येईल.”

घरी येऊन मी खण उघडला. चारही मसुदे काढले. चौथा बरोबर होता. फेब्रुवारीतही बरोबरच होता. फक्त माझ्या हातून पाकिटात गेला नव्हता. वारसाचा दाखला, मृत्यूचा दाखला आणि नव्या मालकाचं निवेदन एवढी भर घातली. उन्हाळ्यात नाव पाण्याखाली ठेवण्याची रीत आहे, हे अर्जात स्पष्ट लिहा, कुणी विचारलं नाही तरी लिहा, हे दोनदा अधोरेखित केलं. अर्ज दोघींच्या सहीने करा, आणि एजाजला बोलवायचं का ते तुम्ही ठरवा, हेही लिहिलं. सुरुवातीला ‘नबीसाब यांस’ असं हातून गेलं होतं. ते मी खोडलं नाही. त्याखाली झीनतचं नाव लिहिलं.

पोस्टाच्या खिडकीतल्या मुलीने पाकीट वजनकाट्यावर ठेवलं.

“साधं की स्पीड पोस्ट, आजोबा? अर्जंट आहे का?”

पाच महिने झाले होते.

“हो,” मी म्हणालो. “फार अर्जंट आहे.”

तिने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.